भर नदीतलं आवतण

सांगा बघू, त्या शुक्रवारी आमच्या दारात सगळ्यात शेवटी कोण आलं? लावा पैज. हरलात तर चहा तुमच्याकडून, काळाभोर, साखर भरपूर (डॉक्टरने बंद केलाय, म्हणून तर दुसऱ्याच्या खर्चाने प्यायचा). नाही ओळखणार तुम्ही. माझी बायको वहीबासुद्धा चुकली, आणि तिला तर मी खोटं बोलायच्या आधीच कळतं.

मी बशंदी. नीलवर, म्हणजे तुमच्या नाईल नदीवर, होडी चालवतो. या काठाची माणसं त्या काठावर, त्या काठाची या काठावर. माणसं दोन्हीकडे सारखीच, तरी जातात बिचारी.

माझी पोरगी, नगात तिचं नाव, दाखल्यांच्या कचेरीत खिडकीवर बसायची. जन्म, लग्न, मरण, सगळं तिच्या हाताखालून जायचं. एक दिवस खिडकीवर यंत्र आणून बसवलं. बोलतं, ऐकतं, थकत नाही, चहाला उठत नाही. साहेब नगातला म्हणाले, "तू घरी जा बाई, लागलं तर बोलावू." अजून लागलेलं नाही.

दुसरी रडत बसली असती. नगातने पदर खोचला.

"बाबा, ते यंत्र दाखला देतं ना? महशी वळून दाखव म्हणावं!"

कोबीच्या पानात मसालेभात भरून बोटाएवढी वळकटी करायची, ती महशी. आमच्या नगातची महशी म्हणजे मेलेला उठून मागेल अशी. तिने घरातच खानावळ काढली. वर म्हणाली, "ज्याने मला घरी बसवलं, त्यालाच मी नोकरीला ठेवणार." आणि तसलंच एक बोलणारं यंत्र माझ्या फोनात घातलं. नाव ठेवलं फहीम.

"माझ्या फोनात कशाला गं?"

"सगळं गाव तुमच्या होडीतून जातं. तुम्ही नुसतं खानावळीचं बोलायचं. लिहिणं-वाचणं, निरोप धाडणं तो बघेल."

(मला माझं नाव लिहिता येतं. फक्त रोज वेगळं येतं.)

आठवडाभरात पहिलं मोठं काम आलं. शुक्रवारी हेडमास्तरांच्या मुलीचा साखरपुडा, सगळं जेवण नगातकडून. ती मला म्हणाली, "बाबा, हे पार पडलं तर गावातली लग्नं आपली. फसलं, तर मी परत त्याच खिडकीपाशी, पण या वेळी बाहेरच्या रांगेत. तुम्ही गंमत करू नका." मी शपथ घेतली. शपथ घ्यायला मी कधी मागेपुढे बघत नाही. तीच तर गोची झाली.

आता आमच्याकडची रीत ऐका. होडीवाला भर नदीत भाकर-कांदा सोडून बसतो, काठावर कुणी दिसलं की ओरडतो, "या हो जेवायला!" काठावरचा छातीवर हात ठेवून म्हणतो, "देव बरकत देवो." दोघंही खूश. मधे पाणी आहे, कोण कशाला येतंय? म्हणून तर बोलवायचं. कोरड्या जमिनीवरही मी तसाच. भेटेल त्याला जेवायला बोलावतो, आणि समोरचा शहाणा असतो, येत नाही.

त्या आठवड्यात शिंपी इलहामी होडीतून उतरत होता. मी सवयीने म्हटलं, "शुक्रवारी घरी या जेवायला, बायकापोरांना घेऊन."

"देव बरकत देवो, बशंदीकाका."

इथं संपलं असतं. पण खिशातून आवाज आला, "काका, शुक्रवारचं नक्की करू का?"

इलहामी माझ्या तोंडाकडे बघतोय. आता पाहुण्याच्या समोर नको कसं म्हणायचं? तुम्ही म्हटलं असतंत?

"नक्की म्हणजे! वल्ला, देवाशपथ, आले नाहीत तर मी रुसेन!"

"नक्की केलं, काका."

मला हसू आलं. म्हटलं, यंत्र आहे पण रीतभात जाणतं, साथ देतं बेटं! मग काय, मला खेळच सापडला. पोस्टमन, हवालदार, दाई, ज्याला त्याला आवतण. फहीम विचारणार, मी शपथ घालणार, फहीम म्हणणार, नक्की केलं. होडीभर हशा.

शेवटी भर नदीत पलीकडून अबू दोमाची होडी आली. माझा जुना वैरी, म्हणजे रोजचा. मी ओरडलो, "ए अबू दोमा! शुक्रवारी जेवायला ये! नाही आलास तर माझी मिशी उतरवीन!"

त्याने लांबून छातीवर हात ठेवला.

फहीम म्हणाला, "काका, ते आले नाहीत तर मिशीचं काय करायचं?"

मी म्हटलं, चला, यंत्राचीच फिरकी घेऊ. "फरघली न्हाव्याला सांगून ठेव! वस्तरा धार लावून आण म्हणावं!"

"सांगितलं, काका."

शुक्रवारी नमाजाहून घरी आलो. चुलीवर कोबी उकडतोय, भाताचं पातेलं तयार, वहीबा आणि नगात घामाने निथळतायत. तेवढ्यात दार वाजलं. शिंपी इलहामी, बायको आणि पोरांची पलटण. मागे पोस्टमन. त्याच्या मागे हवालदार, टोपी काखेत. अंगण भरलं.

वहीबा माझ्या कानाशी आली. "कोण हे?"

"पाहुणे."

"कुणाचे?"

"फोनचे."

पोस्टमनने आपला फोन पुढे केला. "बशंदीकाका वाट बघतायत, न आल्यास ते रुसतील, असं आलं होतं. म्हटलं, म्हातारा रुसला तर होडी बुडवेल."

नगातने माझा फोन हिसकावला. "फहीम! हे काय करून ठेवलंस?"

"ताई, काकांना मी दर वेळी विचारलं. ते शपथ घेऊन हो म्हणाले. शपथेनंतर आणखी कसं विचारायचं?"

नगात माझ्याकडे बघत राहिली. मी कोबीकडे.

"बाबा, हेडमास्तरांचं जेवण यांना वाढू? की यांना उपाशी घालवू?"

मी चुलीत लाकूड सारलं. आयुष्यात पहिल्यांदा.

तिने घाम पुसला, बाह्या वर केल्या आणि अंगणात जाऊन उभी राहिली. "या, या, बसा! घर तुमचंच आहे. म्हणूनच सांगते, हात धुऊन घ्या. महशी वळायचीय, हेडमास्तरांकडे वेळेत गेली पाहिजे. ती गेली की आपण मसुरीची आमटी-भाकरी खाऊ. फहीम, तू नुसती वेळ सांगत राहा. दुसरं अक्षर बोललास तर फोन पातेल्यात."

चटया पडल्या. दाई एका बाजूला, पोस्टमन दुसऱ्या बाजूला. हवालदाराची महशी काकडीएवढी जाड.

"अहो, ही महशी आहे, दंडुका नव्हे!" दाई ओरडली.

"सवय आहे बाई हाताला!"

इलहामीची बायको मात्र सुईत दोरा ओवावा तशी वळत होती. नगात तिच्याजवळ बसली. शिंपीण हळूच म्हणाली, "लोकांची फोनवरूनच मापं घेतात आता, शहरातून शिवून येतं. यांच्याकडे गिऱ्हाईकच नाही. मी उद्यापासून आले तर?"

"उद्या कशाला? आजपासूनच धर," नगात म्हणाली.

पातेली वेळेत निघाली, माझ्याच होडीतून. तिकडे हेडमास्तरीणबाईंनी झाकण काढलं, एक बारीक, एक जाड, एक वाकडी. खाऊन म्हणाल्या, "यंत्रातून काढल्यासारखी नाही, घरची आहे!" लग्नाचं जेवणही नगातलाच दिलं.

मी परतलो. सगळे आमटीवर ताव मारतायत. मी जरा मिशीला पीळ दिला. म्हटलं, हे सगळं कुणामुळे जमलं?

दार वाजलं.

फरघली न्हावी. हातात पिशवी. "काका, अबू दोमा आला का?"

मी घाईने अबू दोमाला फोन लावला. "अरे, आला का नाहीस?"

"बशंदी, मी काय अडाणी आहे? भर नदीतलं आवतण कुणी खरं धरतं का? तुझ्या घरचं अन्न वाचावं म्हणून आलो नाही हो!"

अख्ख्या गावात रीत पाळणारा एकच माणूस निघाला, आणि तो अबू दोमा.

वहीबाने खुर्ची आणून अंगणाच्या मधोमध ठेवली. "शपथ म्हणजे शपथ." हवालदाराने माझं डोकं धरलं, मदत म्हणून.

वस्तरा फिरला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ओठाला नुसता वारा लागत होता. मी खिशात हात घातला, तर फरघली हात पसरूनच, पण रीत म्हणून सगळे म्हणतात तसं म्हणाला, "राहू द्या हो काका, तुमच्याकडून काय घ्यायचं!"

खिशातून आवाज आला, "धन्यवाद, उस्ता फरघली. काही घेणार नाहीत, नक्की केलं."

फरघलीचा पसरलेला हात तसाच राहिला. आणि ज्या मिशीच्या शपथा मी दोन्ही काठांना आयुष्यभर घातल्या, ती गेली फुकटात.