शंभर नग, साठ रुपये

शून्यापासून ज्याने अंक उभे केले त्यास दंडवत, आणि राज्य कोणते, राजा कोण, हे न पुसता जे ऐकतील त्यांचे कल्याण असो. शके सतराशे एकवीस, चैत्र वद्य पंचमी. त्या राज्यात चाल ऐशी होती की, परगण्यातून वसुलाची थैली येई ती लाखेची मोहोर करोन, आणि सोबत चिठी, चिठीत नग किती व एकंदर किंमत किती इतकेच. मग थैली एक दिवस पारख्याचे घरी ठेवावी, आणि पारख्याने मोहोर न फोडता आत रुपये किती व पावल्या किती हे हिशेबाने काढून दुसरे दिवशी दरबारी सांगावे, आणि मग सर्वांसमक्ष फोडोन ताडावे. ही विद्या सबंध राज्यात एका रखमाजीपंतांस येत होती. पंतांची दृष्टी मोतीबिंदूने गेली होती, म्हणोन चिठी वाचावयास आणि धुळपाटीवर आकडे मांडावयास त्यांची कन्या असे. ती कन्या हे लिहिते.

त्या दिवशी जेवताना अप्पा म्हणाले, "बयो, हे ताकात मीठ आहे की मिठात ताक?" आणि दोघे हासलो. त्या घरातले आम्हां दोघांचे ते शेवटचे हासणे. मग अप्पा आडवे झाले, आणि थैली आली, आणि मी चिठी उघडिली. नग शंभर, किंमत साठ रुपये. रुपये किती ते ठाऊक नाही, म्हणोन शिकविल्याप्रमाणे त्यांस अव्यक्त म्हटले. मग पावल्या म्हणजे शंभरातून अव्यक्त वजा. आणि रुपयाच्या पावल्या चार, म्हणोन चार अव्यक्त, त्यात शंभर मिळवून एक अव्यक्त वजा, हे साठ रुपयांच्या दोनशे चाळीस पावल्यांबरोबर मांडिले. तीन अव्यक्त बरोबर एकशे चाळीस राहिले, आणि तिहींनी भागिता सेहेचाळीस येऊन दोन उरले. पाटी पुसली, पुन्हा मांडिले, दोन उरले. तिसऱ्यांदा मांडिले, दोनच. रुपयाचे तुकडे करोन कोणी थैलीत भरीत नाही. तेव्हा चिठीच खोटी, आणि जो कोणी लिहिता झाला त्याने आतील नाणे न मोजताच आकडा ठोकून दिला. चिठीवर शिक्का दिवाण सुभानरावांचा होता.

तोच दारी पालखी उतरली, आणि सुभानराव स्वतः ओटीवर आले. "पंत निजले असतील तर निजू द्या. हिशेब मांडणारांशीच आमचे काम." मी पाटीवर तळवा ठेविला. ते म्हणाले, "उत्तर आले?" मी म्हटले, "मांडिते आहे." मग ते बसले, पाणी मागितले, अर्धेच प्याले, आणि म्हणाले, "पंतांचे आधीचे पारखी मोठे हुशार. एकदा भर दरबारात म्हणाले, भागाकार पुरा होत नाही, चिठी खोटी. आता कोठे असतात कोणास ठाऊक. बायकोस पुसावे, तर तीही सापडेना." आणि हासले, आणि उठता उठता म्हणाले, "बयो म्हणतात ना तुला घरी? पुरे उत्तर दे हो, बयो." हे नाव अप्पांवाचून कोणी घेत नसे.

मग अप्पा जागे जाहले. "कोण आले होते गं?"

"कोणी नाही. भिक्षेकरी."

"मग चिठी वाच."

"नग शंभर. किंमत साठ रुपये," आणि मी थांबले, आणि म्हटले, "एक पावली."

अप्पांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरविला. "सत्तेचाळीस रुपये, त्रेपन्न पावल्या. अगदी सरळ आहे की! मग आवाज का कापतो तुझा?"

"खोकला आहे, अप्पा."

दुसरे दिवशी दरबार भरला, आणि मी चिकाच्या पडद्याआड बसले. अप्पांनी खणखणीत आवाजात उत्तर सांगितले, आणि मग कारकुनाने चिठी वाचिली, "नग शंभर, किंमत साठ रुपये." अप्पा म्हणाले, "पुढे?" कारकून म्हणाला, "पुढे काही नाही, पंत. साठच." तेव्हा अप्पांचा अंगठा पेरांवर फिरला आणि मध्येच थांबला, आणि त्यांनी तोंड चिकाकडे वळविले. त्यांस सर्व कळले. सुभानराव म्हणाले, "पंत, उत्तर कायम?" मी चिक सारावयास हात घातला आणि मागे घेतला. अप्पा म्हणाले, "कायम."

थैली फोडिली, तो रुपये एकोणीस आणि पावल्या एक्याऐंशी. मग सुभानराव उभे राहोन बोलिले की, पारखी स्वमुखे सत्तेचाळीस म्हणतात, तेव्हा चिठी खरी आणि थैलीत सत्तेचाळीस होतेच. थैली रात्रभर यांचे घरी. यांनीच अठ्ठावीस रुपये काढून तितक्या पावल्या भरिल्या आणि लाख तापवून मोहोर पुन्हा बसविली. सत्तेचाळीस रुपये व त्रेपन्न पावल्या मिळोन साठावर एक पावली होते, हे दरबारी कोणी मांडोन पाहिले नाही. महाराजांनी पुसले, "पंत, काही म्हणणे?" अप्पा म्हणाले, "माझे घरी माझ्यावाचून थैलीस कोणी हात लावीत नाही." इतकेच. मग त्यांस गडावर नेले.

महिन्यातून एकदा भेट मिळे. अप्पा पुसत, विहिरीस पाणी आहे का, गाय व्याली का, खोकला राहिला का. हिशेबाचे एकदाही पुसले नाही. पहारेकरी सुभानरावांचे, आणि मी दर खेपेस बोलावयाचे ठरवोन चढे आणि न बोलता उतरे. मार्गशीर्षात अप्पा गेले.

सारांश इतका की, त्या राज्यात हिशेब येणारी दोन माणसे होती, त्यांतील एक गप्प राहिले ते मजसाठी, आणि दुसरे गप्प राहिले ते भिऊन.

तेराव्या दिवशी पंगत बसली, आणि सुभानराव सांत्वनास आले, आणि पहिल्या पानाशी बसोन म्हणाले, "पंत गेले, विद्याही गेली." तेव्हा मी हातातले भांडे खाली ठेविले, आणि अप्पांसाठी वाढोन ठेविलेल्या पानासमोर उभी राहोन, सर्वांस ऐकू जाईल ऐसे बोलिले, "अप्पा, चिठीत साठच लिहिले होते. ती पावली मी घातली. सेहेचाळीस येऊन दोन उरत होते, ते मला तेव्हाच दिसले होते, आणि ती चिठी या दिवाणसाहेबांची आहे."