सदाचार समितीच्या चौऱ्याण्णव बैठका

इतिवृत्त लिहावं तर टिपणरावानंच! ही त्याची स्वतःची समजूत होती आणि ती काही खोटी नव्हती. पक्षाच्या कचेरीत तो अकरा वर्षं हंगामी कारकून होता. त्याचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणाला आठवत नसे, म्हणून सगळे त्याला टिपणरावच म्हणत. नेत्यांनी भर सभेत एकमेकांच्या सात पिढ्या उद्धराव्यात आणि टिपणरावानं लिहावं, 'सखोल विचारविनिमय झाला.' खुर्च्या फेकल्या गेल्या, तर 'काही सदस्यांनी आसनव्यवस्थेत बदल सुचवले.' माणसं काय बोलतात त्यापेक्षा त्यांनी काय बोलायला हवं होतं हे आपल्याला जास्त कळतं, असं तो बायकोला अभिमानानं सांगायचा. याच कलेपायी पुढे त्याची पाचावर धारण बसली.

झालं असं की, दोन वर्षांपूर्वी पक्षानं सदाचार समिती नेमली. पुढाऱ्यांनी संसाराशी प्रामाणिक राहावं, परस्त्रीकडे वाकडी नजर टाकू नये आणि कार्यकर्त्यांपुढे आदर्श ठेवावा, हा तिचा हेतू. सदस्य तीन. अध्यक्ष होते तात्यासाहेब, ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं कचेरी उभी राहायची. दुसरे पक्षाचे खजिनदार. तिसरे बावन्न वर्षांचे युवा नेते. बैठक दर गुरुवारी संध्याकाळी पाच ते आठ, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत. सचिव अर्थातच टिपणराव.

पहिल्या गुरुवारी त्यानं खोली झाडून घेतली, पाण्याचे पेले भरले, पेन्सिलींना टोकं काढली. कुणी फिरकलं नाही. सव्वापाचला तात्यासाहेबांचा फोन आला. त्यांना अत्यंत तातडीचं काम निघालं होतं. पण घरून चौकशी झालीच, तर बैठक जोरात चालू आहे असं सांगायचं होतं. मागून एक बाई 'कुणाशी बोलतोयस रे?' म्हणून विचारत होती. तात्यासाहेबांना 'रे' म्हणणारं माणूस टिपणरावाला ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्या घरात तर असं कुणीच नव्हतं. पाठोपाठ खजिनदारांचा फोन, मग युवा नेत्यांचा. तिघांनाही काम तातडीचं, तिघांचाही निरोप तोच. गंमत म्हणजे प्रत्येकाला वाटत होतं की बाकीचे दोघं इमानेइतबारे बैठकीत बसले आहेत!

दुसऱ्या गुरुवारी तेच. तिसऱ्या गुरुवारी टिपणराव शहाणा झाला. दुपारी जेवण झालं की अर्ध्या तासात संध्याकाळच्या बैठकीचं इतिवृत्त लिहून टाकायचं. पाच वाजता खोलीतल्या फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवायचा, म्हणजे घरून कुणी लावलाच तर लाइन व्यग्र. मग कुलूप घालायचं आणि सव्वापाचला घरी. शुक्रवारी वही सह्यांसाठी तिघांकडे फिरायची. न वाचता सही करणं हा त्या तिघांचा एकमेव पाळलेला नेम होता.

आणि काय इतिवृत्तं होती ती! न झालेल्या बैठकीत कुणी मधे बोलत नाही की पातळी सोडत नाही. तात्यासाहेब संसारावर असे बोलत की ऐकत राहावं. 'दिवस कसा गेला हे बायकोला विचारायला पाच मिनिटं लागतात. न विचारण्यात माझी वीस वर्षं गेली.' हे वाक्य त्यांच्या तोंडी घातलं तेव्हा टिपणरावाला स्वतःलाच भरून आलं. खजिनदारांना त्यानं हळवं केलं. युवा नेत्यांना तर भांडी घासायला लावलं.

हे सगळं त्याला सुचायचं, कारण गुरुवारची संध्याकाळ त्याला फार आवडायची. त्याची बायको शाळेत शिक्षिका होती. गुरुवारी ती वह्या तपासायला काढायची. बरोबर-चूक ती करी, गुणांची बेरीज तो. गठ्ठा संपला की दोघं पुलापर्यंत पायी जाऊन येत. गुरुवारी कचेरी लवकर सुटते, एवढंच त्यानं तिला सांगितलं होतं. खरं सांगण्याची सोय नव्हती. एका मुलानं मित्राच्या नावानं 'हजर' म्हटलं, म्हणून तिनं अख्ख्या वर्गाची हजेरी तीनदा घेतली होती. ती खोट्या बैठका कशी खपवून घेणार?

दोन वर्षं अशी सुखात गेली. मग एका सकाळी प्रतिस्पर्धी पक्षाच्या मंत्र्याचा फोटो छापून आला. हॉटेलच्या मागच्या दारातून मंत्री बाहेर पडताहेत, बरोबर एक बाई आहे आणि ती त्यांची बायको नाही! पक्षात आनंदाला उधाण आलं. तात्यासाहेबांनी दुपारीच पत्रकार परिषद घेतली आणि अर्धा तास नाकानं कांदे सोलले. मंत्र्यानं राजीनामा द्यावा, घरच्या लक्ष्मीची माफी मागावी, आणि चारित्र्य म्हणजे काय हे आमच्याकडून शिकावं. आमची सदाचार समिती चौऱ्याण्णव वेळा बसली आहे! पहिल्या रांगेतल्या वार्ताहर बाईंनी नम्रपणे विचारलं की इतिवृत्तं बघायला मिळतील का.

"बघायला?" तात्यासाहेब म्हणाले. "छापून वाटतो."

दाराशी उभा असलेला टिपणराव हळूच भिंतीला टेकला.

पुस्तिका खरोखरच छापली गेली, आणि खरा घोटाळा हा झाला की ती लोकांना आवडली. दुकानांत, रांगांत, दवाखान्याच्या बाकांवर बायका ती वाचू लागल्या आणि नवऱ्यांकडे चमत्कारिक नजरेनं बघू लागल्या. सगळ्यांत जास्त हादरल्या तात्यासाहेबांच्या पत्नी. कचेरीत त्यांना वहिनीसाहेब म्हणत. जो माणूस घरात वीस वर्षं 'टॉवेल कुठाय' यापलीकडे बोलला नाही, तो दर गुरुवारी चारचौघांत असं काळीज उघडं करतो? त्यांना रडू आवरेना. त्यांनी ठरवून टाकलं की येत्या रविवारी सकाळी मोठ्या सभागृहात तिघांचा जाहीर सत्कार करायचा. आणि दोन वर्षं जिनं आपला नवरा या कार्याला दिला, सगळे गुरुवार एकटीनं काढले, त्या सचिवाच्या पत्नीचाही!

तात्यासाहेबांनी टिपणरावाला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि पहिल्यांदाच त्याला खुर्ची दिली. "रविवार नीट पार पडू द्या, टिपणराव. सोमवारी तुम्ही कायम."

कायम! अकरा वर्षं त्यानं हा शब्द ऐकायची वाट पाहिली होती. कायम माणसाला आजारी पडता येतं. हंगामी माणसानं अकरा वर्षं ताप अंगावर काढला होता. कायम माणसाला कुणी उद्यापासून येऊ नका म्हणू शकत नाही. केबिनबाहेर येताना त्याचे पाय जमिनीवर नव्हते, आणि जिन्यावर बायकोची आठवण झाली तेव्हा ते एकदम जमिनीवर आले.

घरी त्यानं सांगितलं की रविवारी कचेरीत काहीतरी किरकोळ कार्यक्रम आहे, फक्त कर्मचाऱ्यांसाठी. पुस्तिका त्यानं घरात येऊच दिली नव्हती. पण रविवारी नऊच्या ठोक्याला दारात गाडी उभी राहिली आणि आतून साक्षात वहिनीसाहेब उतरल्या. टिपणरावाच्या तोंडचं पाणी पळालं. गाडीत तो पुढे बसला आणि दोघी मागे. आरशातून त्यानं बायकोला डोळ्यांनी, भुवयांनी, शेवटी मानेनंही खुणा केल्या. तिनं मागून वाकून काळजीनं विचारलं, "अहो, मान अवघडली का?"

सभागृह खचाखच भरलं होतं. तिघांना हार घातले. तात्यासाहेब एकपत्नीव्रतावर बोलले, खजिनदारांनी डोळे पुसले, युवा नेत्यांनी बायकोचा हात धरून फोटो काढून घेतला. मग वहिनीसाहेबांनी टिपणरावाच्या बायकोला पुढे बोलावलं, पुष्पगुच्छ दिला आणि माईकवर मायेनं विचारलं, "वहिनी, गुरुवारी हे रात्री आठपर्यंत बैठकीत. तुम्ही एकट्या कशा राहायचात?"

"एकटी?" ती म्हणाली. "गुरुवारी तर हे सव्वापाचला घरी असतात. आम्ही मिळून वह्या तपासतो. शेजाऱ्यांना विचारा."

सभागृहात कुणीतरी खोकलं, तेही अर्ध्यावर थांबवलं. तीन बायकांनी सावकाश माना वळवून तीन नवऱ्यांकडे पाहिलं. पण तात्यासाहेब चाळीस वर्षं राजकारणात काढलेले. त्यांनी झडप घालून माईक घेतला.

"ऐकलंत? आम्ही इकडे चारित्र्यासाठी झिजत होतो, आणि आमचा सचिव कामावरून पळून बायकोजवळ बसत होता!"

चोर तो चोर, वर शिरजोर! पण टाळ्या पडल्या. मागून कुणी 'शरम करा' असंही ओरडलं. तात्यासाहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की या नैतिक अधःपतनाचा निकाल लावायला सदाचार समितीची तातडीची बैठक आत्ताच होईल, आणि तिघंही व्यासपीठामागच्या खोलीत शिरले. टिपणरावाला मागोमाग ढकलत नेलं.

खोलीत मोडक्या खुर्च्या आणि गुंडाळलेले पडदे होते. दार लागताच तात्यासाहेब बाकीच्या दोघांवर उखडले. सचिव येत नव्हता हे मला कसं सांगितलं नाहीत? तुम्ही तर तिथे होतात! खजिनदार म्हणाले, मला वाटलं तुम्ही होतात. युवा नेते म्हणाले, मला वाटलं तुम्ही दोघंही होतात. तिघांनाही एकदमच उलगडा झाला. मग तात्यासाहेबांनी घाम पुसला आणि टिपणरावाला बडतर्फ करण्याचा ठराव मांडला.

तेवढ्यात खजिनदारांना नियम आठवला: समितीचा अधिकार फक्त कायम नोकरांवर चालतो. म्हणून ठराव क्रमांक एक, टिपणरावांना कायम करण्यात येत आहे. ठराव क्रमांक दोन, कायम कर्मचारी टिपणराव यांना बडतर्फ करण्यात येत आहे. दोन ठरावांमध्ये साधारण चार मिनिटं गेली. अकरा वर्षांच्या नोकरीत टिपणराव तेवढा वेळ कायम होता.

आता इतिवृत्त कोण लिहिणार? तिघांनाही येत नव्हतं. वही टिपणरावाच्याच हातात दिली.

टिपणरावाला आयुष्यात एवढा राग कधी आला नव्हता. बाहेर अख्खं सभागृह त्याच्या बायकोसमोर त्याला बदफैली ठरवत होतं, आणि कशापायी, तर तो तिच्याजवळ बसला म्हणून! त्यानं पेन उघडलं. काय बोलायला हवं होतं ते त्याला आज काही केल्या सुचेना, म्हणून त्यानं जे झालं होतं तेच लिहिलं. तिघांनी नेम मोडला नाही. न वाचता सह्या केल्या.

दार उघडलं तर वहिनीसाहेब हात पुढे करून उभ्या. वही घेऊन त्या तडक माईककडे गेल्या आणि वाचू लागल्या.

"बैठक क्रमांक एक. यापूर्वी समितीची एकही बैठक झालेली नाही. सर्व सदस्य प्रथमच उपस्थित. दर गुरुवारी आपण सोडून बाकीचे दोघे बैठकीत असतात, असा प्रत्येकाचा समज होता असे आढळून आले."

त्यानंतर जे झालं त्याचं इतिवृत्त कुणी ठेवलेलं नाही. एवढं नक्की की तात्यासाहेब मागच्या दारानं बाहेर पडले आणि तिथे वार्ताहर बाई कॅमेरा घेऊन उभ्या होत्या.

सोमवारी पक्षप्रमुखांनी समिती बरखास्त केली आणि तिचे सगळे ठराव रद्द केले. ठराव क्रमांक दोन गेला, म्हणून टिपणरावाची नोकरी वाचली. ठराव क्रमांक एकही गेला, म्हणून तो पुन्हा होता तिथेच, हंगामी. घरी त्यानं बायकोला सगळं खरं सांगून टाकलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं बेरजेसाठी एक गठ्ठा त्याच्याकडे सरकवला, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

पण पक्षाला अब्रू सावरायची होती. गुरुवारी दुपारी पक्षप्रमुखांनी नवी सदाचार समिती नेमली: वहिनीसाहेब, खजिनदारांच्या पत्नी आणि युवा नेत्यांच्या पत्नी. सचिव टिपणराव. आणि या बायका पाचला पाच मिनिटं कमी असताना हजर झाल्या! आठपर्यंत बसल्या, साडेआठपर्यंत बसल्या. बोलल्या तर इतकं की टिपणरावाची दोन पेनं संपली.

तो घरी पोचला तेव्हा नऊ वाजायला आले होते. वह्यांचा गठ्ठा तपासून, बेरजा होऊन, बांधून ठेवलेला होता. बायको दारातच उभी होती. तिनं विचारलं, "कुठे होतात?"

"समितीची बैठक होती."

तिनं आधी घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"अगं, खरंच होती. नवी समिती आहे. इतिवृत्त दाखवू का?"

"कुणी लिहिलंय?" तिनं विचारलं.