दहा पावलांवर रुतलेली बोट

माणूस दुकानाच्या दारातून आत आला, की टेपला हात न लावता मी त्याची कंबर सांगतो! अर्धा इंच इकडेतिकडे झाला तर शिलाई घेत नाही. बत्तीस वर्षं शिंपीकाम करतोय, हे काय उगाच? म्हणून बोट घ्यायचं ठरलं आणि बायको म्हणाली, "अहो, आधी कुणाला तरी विचारा," तेव्हा मला हसूच फुटलं.

"अगं, चालत्या माणसाचं माप घेणाऱ्याला उभ्या बोटीचं जमणार नाही?"

"बोट म्हणजे पँट नव्हे."

"फरक काय? दोन्हीत माणूस मावला म्हणजे झालं!"

हे वाक्य माझंच आहे. आज आठवलं तरी कान गरम होतात.

बोट हवी होती ती बाबांसाठी. बाबा म्हणजे माझे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. लहानपणी ते नदीपलीकडच्या शाळेत स्वतः वल्ही मारत जायचे. पुढे चाळीस वर्षं पोस्टात शिक्के मारले. पाच वर्षांपासून आमच्याकडेच राहत होते, आणि आता महिनाअखेरीला माझा मेहुणा त्यांना कायमचं आपल्या शहरात नेणार होता. तिथे पाणी फक्त नळाला! एकदा जेवताना बाबा हळूच म्हणाले, "जाण्याआधी एकदा आपल्या तळ्यावर बोटीत बसायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. वल्ही हातात धरून किती वर्षं झाली."

एवढंच. त्या माणसाने पाच वर्षांत माझ्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. मी तिथल्या तिथे ताटावर हात ठेवून सांगितलं, "बाबा, बोट आली समजा!"

दुसऱ्याच दिवशी मी बोटींच्या दुकानात. दुकानदार किडकिडीत, चष्मेवाला, हातात छापील फॉर्म. कोट मात्र खांद्यात इतका ढगळ, की मला त्याची कीवच आली. त्याने आधी मला एक छोटी बोट दाखवली. दोन माणसांची, सपाट बुडाची, दोन वल्ही.

"ही गुडघाभर पाण्यातही चालते. म्हाताऱ्या माणसाला सहज चढता येतं. पण आधी काही प्रश्न विचारतो. बोट माणसाला शोभण्यापेक्षा सोसायला हवी."

तेवढ्यात माझी नजर तिच्या मागे गेली. तिथे एक पांढरीशुभ्र बोट उभी होती. बावीस फूट! शिडाचा खांब, मागे मोटर, आत छोटी खोली, खोलीला गोल खिडकी! मी छोट्या बोटीकडे परत पाहिलं, तर ती मला अंघोळीच्या टबासारखी दिसायला लागली.

"कुठल्या पाण्यात चालवणार?" दुकानदाराने विचारलं.

"सध्या तळं," मी म्हणालो. "पुढे समुद्र."

"किती जण बसणार?"

"सहा-आठ. आमच्याकडे माणसांचा राबता फार."

"अनुभव?"

"लहानपणापासून!" कागदाच्या बोटी धरल्या तर हे खोटं नव्हतं.

"तळं किती खोल आहे?"

"भरपूर!"

"भरपूर म्हणजे किती?"

"म्हणजे पुष्कळ!"

गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की पोट आत ओढतं. बत्तीस वर्षं हे पाहून मी मनात हसत आलोय. पुढे बटण लागलं नाही की हीच मंडळी माझ्या नावाने ओरडतात. आणि त्या दिवशी मी काय करत होतो? नुसतं पोट नव्हे, अख्खा मीच आत ओढून उभा होतो! दुकानदार बिचारा एकेक उत्तर लिहून घेत होता.

"तुमच्या उत्तरांप्रमाणे मग ही मोठीच बरोबर," तो म्हणाला. "फक्त लक्षात ठेवा, हिच्या बुडाखाली चार फुटी लोखंडी पातं आहे. त्यामुळे ती कलंडत नाही, पण पाणी खोल हवं. तळ्याला जरा मोठीच होतेय."

"मोठी असू दे! आमच्या धंद्यात शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात. त्याला माया म्हणतात. उद्या अंग सुटलं तर उसवून सैल करता येतं. बोटीतही थोडी माया हवी!"

मग त्याने फॉर्मवर माझी सही घेतली.

घरी आल्यावर मी बोटीची नव्हे, कपड्यांची तयारी केली. पांढरा कोट, पांढरी पँट, सोनेरी बटणं, टोपी! तीन रात्री शिवत होतो. तळ्याची खोली बघायला मात्र पाच मिनिटं सापडली नाहीत.

बघता बघता बाबांचा शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणा गाडी घेऊन येणार होता. दुपारी चारला क्रेनवाल्याने बोट बांधाजवळ पाण्यात सोडली. तिथे पाणी खरंच खोल होतं, बोट झोकात तरंगली. काठावर ही गर्दी! बाबांना वर चढवायला शिडी लावली. पहिल्या पायरीवर ते थांबले, दुसरीवर "आई गं" म्हणाले. मग क्रेनवाल्याने आणि मी मिळून त्यांना खालून ढकललं. गाठोडं माळ्यावर टाकतात, तसे ते वर पोचले.

बायको चढली नाही. "मी काठावरून फोटो काढते," म्हणाली. तिचा आवाज मला तेव्हाच कळायला हवा होता.

बाबा बोटीत बसले, टोपी सारखी केली आणि इकडेतिकडे बघायला लागले.

"जावईबापू, वल्ही कुठे आहेत?"

"वल्ही?" मी हसलो. "बाबा, मोटर आहे! बटण दाबलं की झालं! आता कष्ट कशाला?"

"अच्छा," ते म्हणाले, आणि रिकामे हात मांडीवर ठेवले.

आता खोटं कशाला बोलू? त्यांनी बोट मागितली होती ती वल्ह्यांसाठी. ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं आणि त्या गोल खिडकीपायी साफ विसरलो होतो! पण काठावर शंभर माणसं बघत होती. मी टोपी नीट केली आणि बटण दाबलं.

बोट निघाली. काय चालली म्हणून सांगू! पाच मिनिटं मी राजा होतो. मग बायकोच्या फोटोत बटणं नीट दिसावीत, म्हणून मी बोट काठाकडे वळवली.

"अहो, लांबूनच बरं दिसतंय!" ती ओरडली.

"चेहरा यायला नको?"

तेवढ्यात खालून 'घर्र' असा आवाज आला, बुडाखालचं पातं अख्खं मऊ चिखलात शिरलं आणि बोट थांबली. बायको दहा पावलांवर! आम्ही एकमेकांना नीट दिसत होतो, हेच वाईट.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही! जरा थांबलोय!"

"कशासाठी?"

"दृश्य बघायला!"

मी मोटर जोरात चालवली. तिने भसाभस चिखल उडवला, शेवाळ गिळलं, उचकी दिली आणि बंद पडली. मग मी शिडाचा दोर ओढला. वारा ढकलेल, असा हिशेब! वाऱ्याने ढकललंही, पण बाजूला. बोट एका कुशीवर कलली आणि बाबा बाकावरून घसरत कोपऱ्यात गेले, चहाचा थर्मास छातीशी धरून.

"लागलं का, बाबा?"

"नाही, नाही. चहा सांडला नाही."

समोरून चार बदकं आली. पोहत नव्हती हो, चालत होती! बोटीच्या आणि काठाच्या मधून निघून गेली.

आता काठावरच्या लोकांना वेगळीच शंका आली. पांढरी बोट, पांढऱ्या कपड्यातला माणूस, हलायचं नाव नाही! एक बाई पदर खोचून, नवऱ्याला आणि दोन मुलांना घेऊन गुडघाभर पाण्यातून सरळ बोटीपाशी आल्या.

"आज उद्घाटन आहे का? चौघांना बसायला जागा मिळेल?"

"अहो, हे हॉटेल नाही!"

"मग तुम्ही वेटर नाही?"

"मी कॅप्टन आहे!"

"बरं, कॅप्टन, मेनूकार्ड तरी दाखवा!"

मी नको नको म्हणेपर्यंत दोन्ही मुलं वर चढली, मागून नवरा, मागून आणखी तिघं! सगळे कललेल्या बाजूला. बोट आणखी वाकली. आता तिचा काठ पाण्यापासून वीतभरच उरला. मी ओरडतोय, "उतरा! उतरा!" आणि एकजण मला विचारतोय, "थंड काय आहे?"

शेवटी तळ्याचा रखवालदार शिट्टी वाजवत आला. त्याची पत्र्याची छोटीशी बोट, दोन माणसांची, सपाट बुडाची, दोन वल्ही. मला ती ओळखीची वाटली. त्याने सगळ्यांना उतरवलं, मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"साहेब, इथे म्हशी बसतात."

"मला कल्पना नव्हती."

"काठावर पाटी आहे."

पाटी होती. बोटीतून ती छान वाचता येत होती. 'पाणी उथळ.'

"क्रेन आता उद्याच. कुणी विकली तुम्हाला ही?"

दुकानदाराचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. पण कोपऱ्यात बाबा बसले होते. सूर्य खाली चालला होता. सकाळी त्यांची गाडी, आणि मी त्यांची एकुलती एक संध्याकाळ चिखलात रुतवून ठेवली होती.

"कुणी विकली नाही," मी म्हणालो. "तो नको म्हणत होता, मीच घेतली. बाबा, चुकलो मी. तुम्हाला काय हवंय ते तुम्ही सांगितलं होतं. मी मला काय शोभेल ते आणलं."

बाबा रखवालदाराच्या बोटीकडे बघत होते. त्या वल्ह्यांकडे.

रखवालदाराच्या लक्षात आलं. "आजोबा, येतं का मारता?"

बाबा उठले! आमची बोट इतकी कलली होती की शिडी लागलीच नाही, नुसतं पलीकडे पाऊल टाकायचं. ते त्यांनी असं टाकलं की गुडघे कुरकुरायचं विसरले. रखवालदार माझ्याकडे वर आला. बाबांनी वल्ही उचलली, हातात फिरवून पाहिली आणि काठाकडे बघून हाक मारली, "ये गं!"

माझ्या बायकोने फोन त्या मेनूकार्डवाल्या बाईंच्या हातात दिला, चपला काढल्या आणि पाण्यात उतरली. मग बापलेक निघाले. कसलाही आवाज नाही. वल्ही पाण्यात जात होती आणि निघत होती. बायको काहीतरी सांगत होती आणि बाबा मान मागे टाकून हसत होते. पाच वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

मी हात वर करून हलवला. त्यांनी पाहिलं नाही. अंधार पडेपर्यंत ते फिरत होते, आणि मी तिरक्या बोटीत रखवालदाराच्या शेजारी बाबांचा थर्मास धरून बसलो होतो.

क्रेनने बोट दुसऱ्या दिवशी काढली आणि दुकानदाराने ती परत घेतली. फक्त घेताना माझी सही असलेला फॉर्म पुन्हा एकदा वाचला. मी त्याच्या कोटाचे खांदे फुकट बसवून दिले.

चार महिन्यांनी आम्ही बाबांना भेटायला मेहुण्याकडे गेलो. दिवाणखान्याच्या भिंतीवर हा मोठा फोटो! त्या बाईंनी काढलेला. पुढे बाबा, वल्ही हातात, तोंडभर हसू, समोर बायको. आणि त्यांच्या मागे अगदी मधोमध, आडव्या पडलेल्या बोटीत, हात वर केलेला मी!

शेजारचे गृहस्थ गप्पा मारायला आले होते. ते फोटोजवळ गेले, चष्मा वर करून वाकून बघायला लागले. मी खुर्चीत जमेल तेवढा बारीक झालो. नशीब, फोटोत टोपी डोळ्यांवर आली होती.

"आजोबा, हा मागे कोण हो? बुडतोय की काय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"कोण जाणे," बाबा म्हणाले. "तळ्यावर येतात असे एकेक."

माझा जीव भांड्यात पडला. त्या म्हाताऱ्याचे पाय धरावेसे वाटले. पण शेजारी काही फोटोपासून हलेनात.

"बाजूला पोरं गुडघाभर पाण्यात उभी, आणि एवढी बोट! कमाल आहे! अशा माणसाच्या घरच्यांचं काय होत असेल हो?"

माझी बायको कपात चहा ओतत होती. तिने मान वरसुद्धा केली नाही.

"सवय होते," ती म्हणाली.