अकरा वाजले, पण कुठले?

"अंधाराची काळजी तू करूच नकोस! अंधार माझ्यावर सोड!"

ती हे छातीठोकपणे म्हणाली, आणि का म्हणू नये? सहा वर्षं ती पडदे शिवत होती. साधेसुधे नाहीत, हॉटेलवाले आणि इस्पितळवाले नेतात तसले, दुहेरी अस्तराचे, जाडजूड. तिने शिवलेल्या पडद्यातून आजवर एका किरणाचीही आत यायची हिंमत झाली नव्हती.

नवरा लिफ्टदुरुस्तीवाला. "जन्म गेला वर-खाली करण्यात," तो म्हणायचा, "एकदा सरळ जायचंय. उत्तरेला. रस्ता संपेपर्यंत!" तिथे म्हणे समुद्राच्या टोकाला एक कडा आहे. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळतच नाही. त्या कड्यावर रात्री बारा वाजता उन्हात उभं राहायचं, एवढंच त्याचं स्वप्न. पण पहिल्या वर्षी गाडीचं इंजिन गेलं, मग सासूबाईंचा गुडघा, मग आणखी काहीबाही, आणि शेवटी बाळ. असं करत करत नऊ वर्षं! या वर्षी साहेबांनी रजा दिली ती मोजून, माप लावून. कड्यासाठी हातात रात्र एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीला लागायचं.

अडचण होती ती आठ महिन्यांच्या बाळाची. मिट्ट काळोख असल्याशिवाय ते झोपतच नसे. फ्रीजचा दिवा लागला तरी एक डोळा उघडून "कोण आहे?" असं बघायचं. नणंदेने तर त्याचं नावच पहारेकरी ठेवलं होतं. "अगं, याला घेऊन तिकडे जाताय? जिथे रात्रच होत नाही?" नणंद म्हणाली, आणि तेव्हाच वरचं छातीठोक वाक्य आलं. लगोलग तिने गाडीची एकूण एक काच मापली आणि कडेला लोहचुंबक लावून सात पडदे शिवले. लावले की गाडीची तिजोरी!

पण शेवटचे दोन मुक्काम नवऱ्याने हौसेने हॉटेलात ठेवले होते. तिथे भिंतभर खिडकी, आणि तिला पडदा म्हणून ओढणीसारखं काहीतरी! गाडीचे पडदे त्या खिडकीला म्हणजे हत्तीला रुमाल. दोन रात्री पहारेकरी टक्क जागा, हसतोय, टाळ्या पिटतोय. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला दोघं नवरा-बायको कापूस निघालेल्या उशांसारखे दिसत होते.

"कडा आता तासाभरावर आहे," नवरा जांभई आवरत म्हणाला. "इथेच गाडी लावू. तीन तास झोपू, आठचा गजर लावतो. मग जेवू, आणि बाराला..." वाक्य पुरं व्हायच्या आधी तो घोरायला लागला होता.

तिने पडदे लावले. अहाहा, काय काळोख! आणि तेवढ्यात तिला दिसला फोनच्या चार्जरचा निळा दिवा. मोहरीएवढा! पण तिच्या काळोखात दिवा? सहा वर्षांच्या इभ्रतीचा प्रश्न! तिने चार्जर उपटून काढला, बाळाला कुशीत घेतलं, आणि संपलं.

जाग आली ती मनगटावरचं घड्याळ बघून नवऱ्याने मारलेल्या किंकाळीने.

"अकरा वाजले! अगं ऊठ, अकरा! फोन बंद पडलाय, गजर वाजलाच नाही!"

तिला चार्जर आठवला. "थंडीने... थंडीने बंद पडला असेल," ती म्हणाली, आणि चार्जर पायाने हळूच सीटखाली सारला.

"बरं झालं, तासभर आहे अजून!"

"पण अरे, हे अकरा रात्रीचे की सकाळचे?"

तो खो खो हसला. "कमाल आहे तुझी! पाचला झोपलो, अकराला उठलो. सहा तास. अठरा तास कुणी झोपतं का? माणसं आहोत, अजगर नाही!"

पटण्यासारखं होतं. पण बाहेर बघावं तर आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरंफटक, धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखं. सूर्य कुठे आहे, पत्ता नाही. गाडीतलं घड्याळही अकराच दाखवत होतं. कुठले, ते मेलं सांगत नव्हतं!

गाव लागलं. दुकान बंद. "बघ, रात्रच आहे!" पुढे एक माणूस कुंपणाला रंग देत होता. ती घाबरून म्हणाली, "अरे, तो बघ, सकाळच आहे!"

"उजेड आहे म्हणून रंगवतोय बिचारा. तू उगाच काळजी करतेस!"

शेवटी कुत्रा फिरवणारी एक म्हातारी दिसली. नवऱ्याने काच खाली केली. "आजी, हे अकरा रात्रीचे की सकाळचे?"

आजींनी त्याच्याकडे बघितलं, मागच्या बाळाकडे बघितलं, आणि नाक पुढे करून वास घेतला. "लाज वाटत नाही? पिऊन गाडी चालवतोस, तीही लेकरू घेऊन!" आणि कुत्र्याला ओढत तरातरा निघून गेल्या.

बाराला पाच कमी असताना कडा आला. खाली समुद्र, वर ढग, आणि ढगांच्या मागे सगळीकडून सारखाच झिरपणारा उजेड. चिटपाखरू नाही. नवऱ्याने तिचा हात धरला. "सूर्य ढगात आहे, असू दे. पण रात्रीचे बारा वाजलेत, आणि उजेड आहे! आणि तुम्ही दोघं आहात." त्याचे डोळे भरून आले. तो बोलायला लागला.

तिने बाळाला कडेवर घेतलं आणि हाताला लागला डायपर. डायपर कसला, कलिंगड! सहा तासांत एवढा? ती मनात हिशेब करायला लागली. झोपेत बाळाला किती वेळा पाजलं? स्वप्नात वाटलं होतं, पण... एकदा, दोनदा... पाच वेळा! अरे देवा! फोन दगा देईल, घड्याळ खोटं बोलेल, डायपर कशाला खोटं बोलेल? सांगावं? आत्ता? त्याच्या गालावरून तर पाणी ओघळतंय! ती नुसती मान हलवत राहिली.

तेवढ्यात मागे बस थांबली. तीसेक पोरं खाली सांडली आणि बाईंनी टाळ्या वाजवल्या, "चला, डबे काढा! जेवणाची सुट्टी!"

नवऱ्याने डोळे पुसले. "रात्री बाराला शाळा?"

"रात्री?" बाई दोन पावलं मागे सरल्या.

मग तिने सगळं सांगून टाकलं. नवरा दगडावर बसला.

"दिवा होता केवढा?" त्याने विचारलं.

"मोहरीएवढा," ती रडवेली होऊन म्हणाली. "नऊ वर्षं वाट बघितलीस, आणि मी..."

तो उठला, बाईंकडून फोन मागून घेतला आणि साहेबांना लावला. "साहेब, एक दिवस रजा वाढवून हवीय. कारण? झोप लागली. अठरा तास. हो, तिघांनाही. बाळालाही."

साहेबांच्या घरी तीन महिन्यांची जुळी होती.

"रजा घे," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आणि ते पडदे कुठे मिळतात?"

त्या रात्री ढग गेले. बाराच्या ठोक्याला सूर्य समुद्रावर लालबुंद टेकला, बुडाला नाही, आणि पुन्हा वर सरकायला लागला. आजूबाजूच्या माणसांनी फोन वर धरले. तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याचे डोळे कोरडे ठणठणीत!

"काय झालं रे? आवडलं नाही?"

"आवडलं ना! पण रडू येत नाहीये. सगळं दुपारीच रडून झालं." त्याने तिचा हात धरला. "दुपारी मी काय बोललो होतो गं? सांग ना, तेच परत बोलतो. नऊ वर्षं मनात साठवलं होतं."

ती सूर्याकडे बघत राहिली. "फार सुंदर बोललास."

"हो, पण काय?"

"सगळंच!" ती म्हणाली. नवऱ्याने नऊ वर्षांचं मन मोकळं केलं तेव्हा आपण डायपरला तासांनी भागत होतो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?