मनात नक्को, मोठ्यानं

आमच्या वरच्या मजल्यावरचे गंगाधरराव स्वतःची कविता स्वतः वाचत नाहीत. दुसऱ्याकडून वाचून घेतात. नारायणगुड्यातल्या आमच्या इमारतीत मराठी वाचणारा मी एकटाच, त्यामुळे सकाळी आठला बेल माझीच वाजते. अंगावर टॉवेल, ऑफिसची घाई, आणि दारात गंगाधरराव. हातात कॅलेंडरचं फाडलेलं कालचं पान, पानाच्या मागं कविता.

"वाचा की."

मी नजर फिरवून म्हणतो, "छान आहे."

"मनात नक्को. मोठ्यानं."

मग मी मोठ्यानं वाचतो. समोरच्या फ्लॅटातल्या तेलुगू आजींना ते स्तोत्र वाटतं. त्या येता-जाता हात जोडतात. गंगाधरराव त्यांना अडवत नाहीत.

सिकंदराबादला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांची नोकरी झाली. कवितेला विषय हाताशी असेल तो: कुकर, कबुतर, गल्लीतली लंगडी कुत्री, कुंडीतला मोगरा. सुरुवात कुठूनही होवो, कविता शेवटी कुसुमकाकूंपाशीच येऊन थांबते.

'कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या,
तू अजून केस विंचरतेस.'

काकूंना जाऊन चार वर्षं झाली, तरी कवितेत त्यांचे केस विंचरून झालेले नाहीत. त्या असताना या कविता काकूच वाचायच्या. आवाज आमच्या खिडकीपर्यंत यायचा, आणि वाचता वाचता मध्येच दोघांचं कडाक्याचं भांडण जुंपायचं. कशावरून, ते आम्हाला कधी कळलं नाही.

मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, गचीबौलीला मोठ्या कंपनीत आहे. मराठी बोलतो, वाचायला आलं नाही. "पप्पा, इंग्लिश अक्षरांत लिहा ना," असं तो एकदा म्हणाला. गंगाधरराव दोन दिवस जेवले नाहीत म्हणे.

या वर्षी त्यांच्या ओळी तिरक्या जायला लागल्या. मग एकमेकींवर चढायला लागल्या. "काका, कविता फारच नवी व्हायला लागली," मी खोचकपणे म्हणालो. ते नुसते हसले. अफझलगंजच्या लायब्ररीत जाणंही त्यांनी सोडलं होतं. विचारलं तर म्हणाले, "बस का परेशानी नक्को वाटते."

गेल्या सोमवारी त्यांनी पान दिलं. मी उलटसुलट केलं. कोरं.

मला उशीर होत होता, मी चिडलोच. काहीतरी बोलणार म्हणून वर पाहिलं, तर ते माझ्याकडं पाहतच नव्हते. माझ्या खांद्याच्या बाजूला, दाराच्या चौकटीकडं त्यांची नजर होती. कान मात्र माझ्याकडं. पेनातली शाई केव्हाच संपली होती आणि त्यांना ते दिसलं नव्हतं.

मला माझीच लाज वाटली. पान खिडकीशी नेऊन तिरकं धरलं. बॉलपेननं कागदावर चरे उमटले होते. ते लावत लावत मी वाचलं.

'पाल निघून गेली,
शेपूट अजून वळवळतंय.'

खाली आणखी एक ओळ होती, पण चऱ्यांवर चरे. काही केल्या लागेना. ते वाट पाहत होते. मी जीव मुठीत धरून माझीच ओळ ठोकून दिली.

'थांबेल हळूहळू.'

गंगाधररावांनी मान हलवली.

"ही ओळ माझी नाही."

"काका..."

"पेन संपलं होतं काय?"

मी हो म्हणालो. त्यांनी चाचपडत दाराची चौकट धरली.

"पोराला सांगू नका. तो मला घेऊन जाईल. तिकडं मोठ्यानं वाचणारं कोणी नाही."

"नाही सांगत. पण तुमची ओळ काय होती? तीच वाचतो."

त्यांनी हात पुढं केला. पानाची नीट घडी घालून खिशात ठेवली.

"नक्को. राहू द्या तुमचीच. कुसुमपण अशीच ओळ बदलायची. मी भांडायचो."

आणि कठड्याला धरून, एकेक पायरी मोजत ते वर गेले.