मल्लूअण्णांचं नाक

आमचे शेजारी मल्लूअण्णा चहाचा कप हातात घेतला की आधी नाकाखाली धरायचे आणि डोळे मिटायचे. निकाल लागेपर्यंत आपण समोर उभं राहायचं. मग डोळे उघडून म्हणायचे, "बाई, पावडर बदललाव." किंवा, "आलं परवाचं हाय." फारच प्रसन्न असले तर, "हां, बोलायलाय." म्हणजे चहा पास.

"वास बोलला पाहिजे," हे त्यांचं ब्रीद. जो पदार्थ नाकाशी बोलला नाही, त्याला तोंडात प्रवेश नव्हता.

तुम्ही मुलं फोनवर विचारता, आजी, तुला लोहाऱ्यात एकटीला करमतं कसं? अरे, ज्या घराच्या एका बाजूला मल्लूअण्णा आणि समोर हमीदभाई राहतात, तिथं न करमायला सवड कुठली?

अण्णा एसटीत कंडक्टर होते. तिकीट फाडता फाडता मांडीवरच्या गाठोड्याचा वास घ्यायचे आणि सांगायचे, "मावशी, लेकीकडं निघालाव वाटतं. धपाटे हायत." मावशी गाठोडं घट्ट धरायच्या. निवृत्त झाल्यावर एवढं मोठं नाक रिकामं झालं आणि सगळ्या गल्लीवर फिरायला लागलं. ईदेला हमीदभाईंच्या घरी शिरखुर्म्याचं दूध चुलीवर चढलं की अण्णा आपल्या ओट्यावरून ओरडायचे, "हमीदभाई, दूध तळाला लागायलंय!" आतून भाभींचा आवाज यायचा, "या अल्ला, बघा तर!" आणि दूध खरंच लागत आलेलं असायचं.

पण नाकाचा खरा मान श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी. आमच्या गल्लीतल्या महादेवाच्या देवळात त्या दिवशी महाप्रसाद असतो. हुग्गी म्हणजे गव्हाची गोड खीर, भात आणि मोठी कढई भरून आमटी. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी ती कुणी चाखायची नाही. मग मीठ बरोबर आहे की नाही, कळायचं कसं? मल्लूअण्णांना बोलवायचं. ते खांद्यावरचा टॉवेल बाजूला ठेवून वाफेत वाकायचे आणि म्हणायचे, "अजून एक मूठ." किंवा, "बास." मिठाला वास नसतो म्हणतात, पण इतक्या वर्षांत ती आमटी कधी चुकली नाही.

गेल्या वर्षी अण्णांच्या ताटात भाकरी उरायला लागली. आधी चतकोर, मग अर्धी. त्यांची बायको, आमच्या काशीवहिनी, समोर बसलेल्या असायच्या. अण्णा ताट सारून म्हणायचे, "आज बोलत न्हाय गं काशे. काय तर राह्यलंय."

काय राहिलं ते शोधायला वहिनींनी घर पालथं घातलं. काळा मसाला नव्यानं कुटला. धने वेगळे आणले. आपल्या जिल्ह्यातल्या वाशीला बहिणीकडं जाऊन तिच्या हातचं येसर, म्हणजे आमटीला लावायचं मसाल्याचं भाजकं पीठ, घेऊन आल्या. त्या येसराची आमटी केली, तर अण्णा म्हणाले, "हिच्यात बी काय दम न्हाय."

एका दुपारी वहिनी वाटी झाकून माझ्याकडं आल्या.

"बाई, खाऊन खरं सांगा. माझा हात गेला का?"

मी खाल्लं. आमटी इतकी चांगली होती की मी वाटी पुसून दिली.

"तुम्ही मन राखायलाव माझं," त्या म्हणाल्या. "पोरगी तिकडं लांब. माझ्या हातचं खाणारं ह्येच एक माणूस. त्येच जेवंना झाल्यावर मी चूल कशाला पेटवू?"

अण्णांचे सदरे अंगावर लोंबायला लागले. पट्ट्याला नवी भोकं पाडून घेतली होती. मी जरा रोखून बघितलं तर म्हणाले, "माणूस तेवढाच हाय बाई, पट्टाच वाढलाय."

त्या वर्षीच्या ईदेला हमीदभाईंचं दूध करपलं. करपलेला वास माझ्या मागच्या खोलीपर्यंत आला. अण्णा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. हमीदभाई दारात येऊन म्हणाले, "क्या अण्णा, आज आवाज न्हाय दिला? आमी तुमच्या भरवशावर होतो."

अण्णांनी पेपर खाली घेतला नाही. म्हणाले, "सर्दी हाय."

ती सर्दी सगळा उन्हाळा राहिली.

श्रावणातला तो सोमवार आला. आम्ही बायका देवळामागं कोथिंबीर निवडत होतो. आचारी संगय्यांनी हाक मारली, "अण्णा, या. बोलते का बघा." अण्णा आले. टॉवेल ठेवला, वाफेत वाकले. नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकून राहिले. चष्म्यावर वाफ जमून थेंब ओघळायला लागले.

"दोन मुठी अजून."

संगय्यांचा हात मिठाच्या पिशवीत थबकला. "दोन?"

"घाल म्हणलं ना."

नैवेद्य झाला, पंगत बसली. पहिला घास घेतला आणि सगळी रांग क्षणभर थांबली. पण प्रसादाला नावं ठेवायची नसतात आणि पानात टाकायचाही नसतो. माना खाली गेल्या आणि जेवण सुरू राहिलं. दर वर्षी पाणी वाढायचं काम हमीदभाईंचं. त्या दिवशी त्यांना जग खाली ठेवायला मिळाला नाही. एकानं हळूच म्हटलं, "भाई, जग हितंच ठेवून जावा." शेजाऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

अण्णांनी घास तोंडात घातला आणि त्यांचा हात पानावरच राहिला. तेवढं मीठ त्यांच्या जिभेला अजून कळत होतं. त्यांनी पंगतीवरून नजर फिरवली. त्यांच्याकडं कुणीच बघत नव्हतं. सगळे मुकाट भात कालवत होते. मग त्यांनी वाढप्याला थांबवलं.

"वाढ अजून. वाढ की."

घरी अर्धी भाकरी न संपवणारा माणूस दोनदा आमटी घेऊन जेवला आणि पान निपटून काढलं. समोर बायकांच्या रांगेत काशीवहिनी बसल्या होत्या. त्यांचा घास हातातच होता.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या.

"बाई, माझा हात गेला न्हाय."

"मी तेच सांगत होते," मी म्हणाले. वय झालं की कुणाकुणाचं नाक असं मंदावतं, आणि वासच नसला की जिभेला नुसतं खारट-आंबट उरतं, भूक लागत नाही, हेही सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं.

"हात गेला असता तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "हात गेला तर लेकीला बोलावलं असतं, तुम्ही दोन भाकरी टाकल्या असत्या. नाक कुठून आणू?"

"तुम्हाला कळलंय, हे अण्णांना माहीत आहे?"

"न्हाय. मी न्हाय सांगणार. गावात त्यांचं तेवढंच होतं की, बाई."

डोळे पुसून त्या उठल्या, कारण जेवणाची वेळ झाली होती.

परवा त्यांचा डबा परत द्यायला गेले, तेव्हा दोघं जेवायला बसले होते. अण्णा आणखी वाळलेत. गळ्याच्या शिरा मोजाव्यात असे. वहिनींनी आमटी वाढली आणि ओशाळल्यासारखं म्हणाल्या, "अहो, लसूण जरा जास्तच लाल झाला बघा माझ्याकडनं. वास यायलाय न्हवं?"

मी दारात उभी होते. लसूण अगदी बेताचा होता.

"व्हय," अण्णा म्हणाले. "मला बाहेरच कळलं."

"आन् खोबरं चुलीत भाजलं आज. जरा धुरकट लागंल."

"लागू दे. चांगलं असतंय."

त्यांनी भाकरी मोडली आणि आमटीत बुडवली. पण घास तोंडाजवळ नेऊन थांबले. वहिनींनी पळी खाली ठेवली, पातेल्यावर वाकल्या आणि पुढचं सांगायला लागल्या. कढीपत्ता हमीदभाईंच्या दारातला हाय. हिंग जुनाच हाय, पण उठलाय चांगला. कोथिंबीर आत्ता टाकली, अजून हिरवा वास यायलाय तिचा.

अण्णा ऐकत होते, आणि हळूहळू चावत होते.