हजेरीसाहेबांचा नवा चेहरा

अधीक्षकपदाची मुलाखत एका दिवसावर आली आणि हजेरीसाहेबांनी ठरवलं, आपण जरा ताजंतवानं दिसायचं. हजेरीसाहेब म्हणजे कचेरीतले हजेरी-प्रमुख. एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या नावापुढे लाल शेरे मारता मारता त्यांचा स्वतःचा चेहरा पार उतरला होता. (आरसा हे रोज सांगायचा, बायको दिवसाआड.)

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "तुमच्याच हातातलं रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं आणि त्यातलं पिवळसर पाणी बारीक सुयांनी चेहऱ्यात सोडायचं. दोन-चार दिवस सूज राहील. मध्ये काही कार्यक्रम नाही ना?"

"छे, छे!" साहेब म्हणाले. केस आपण आदल्या दिवशीच कापतो, मग हे का नको, असा त्यांचा हिशोब.

दुसऱ्या दिवशी, मुलाखतीच्या सकाळी, बायकोच्या हातातला कप सुटता सुटता राहिला.

"अहो, तोंडाला काय झालं?"

"तारुण्य येतंय."

"सुजून?"

कचेरीच्या दारात चेहरा ओळखणारं मशीन होतं. ते साहेबांनीच हौसेनं बसवून घेतलं होतं. साहेब समोर उभे राहिले. मशीन म्हणालं, "ओळख पटली नाही." पाच वेळा तेच.

"अरे, मी आहे, मी!"

"आवाज साहेबांसारखाच आहे," वॉचमन विचारात पडला. "पण मशीननं नाकारलं तर हजेरी-प्रमुखांची सही लागते. साहेबांचाच नियम आहे."

"मग आण कागद, करतो सही!"

"ते आत आल्याशिवाय त्यांची सही कशी घेऊ?"

मुलाखतीला तासभर उरला होता. एकवीस वर्षं ज्या खुर्चीकडे डोळे लावून बसलो ती पायरीवरूनच जाणार, या विचारानं साहेबांना अगदी रडू यायला लागलं. शेवटी नियमातलं दुसरं कलम आठवलं : घरच्या माणसानं येऊन ओळख पटवावी.

बायको रिक्षानं आली आणि फाटकातूनच म्हणाली, "हो, आमचेच आहेत."

"वहिनी, चेहरा तरी नीट बघा."

"चेहरा कशाला बघू? शर्टाचं बटण एक घर चुकलंय, बघा ना."

मुलाखतीत मोठ्या साहेबांनी विचारलं, "स्वतःच्या नियमापायी तुम्ही तासभर बाहेर उभे होतात?"

"हो, सर." (वॉचमन आत सोडतच नव्हता, हे साहेबांनी सांगितलं नाही.)

"असा माणूस हवा!" मोठे साहेब म्हणाले, आणि पद मिळालं.

त्या आनंदात साहेबांनी पहिलं काम काय केलं, तर मशीनमधला जुना चेहरा पुसून नवा नोंदवला. पुन्हा फजिती नको.

दोन दिवस सुट्टीचे गेले आणि सोमवारपर्यंत सूज पूर्ण उतरली. कातडी अशी तुकतुकीत, की बायकोसुद्धा दोनदा वळून बघत होती. नव्या अधीक्षकांनी मान ताठ करून मशीनसमोर चेहरा धरला.

"ओळख पटली नाही."

वॉचमननं आपली खुर्ची पुढे सरकवली आणि फोन खिशात ठेवला.

"बसा साहेब. वहिनी निघाल्यात."